माऊस सरांच्या खिशात हुता

क्लासच्या पयल्याच दिवशी सरांनी माझ्या हाताखालचा माऊस वायरीला धरून उचलला. दोन बोटांत. मेलेलं काहीतरी उचलावं तसा. मग पिवळं फडकं घेतलं आन माऊस पुसला. वरनं पुसला, खालनं पुसला, कडंनं पुसला. पुसून झाल्यावर प्यांटच्या खिशात टाकला. फडकं मात्र खिडकीत टाकलं. ते परत हातात न्हाई घेतलं. ते मी बघितलं.

मग म्हन्ले, "कोयता धरणाऱ्या हाताला माऊस कशाला लागतो गं?"

पुढच्या खोलीतली पोरं काचंतनं बघत हुती. एक पोरगी हसली. तोंडावर हात ठेवून हसली, म्हंजी चांगल्या घरातली हुती.

माझा हात तसाच टेबलावर. माऊस धरल्यासारखा. रिकामा. त्यो हात कुठं ठेवावा ते मला कळंना. शेवटी मांडीखाली घातला.

हे मी आता टाईप करतीय ना, माऊसला एकदा पन हात लावलेला न्हाई. लागतच न्हाई मला. आन मी कशी टाईप करती ते बघायला या एकदा, शेजारचा झेरॉक्सवाला म्हनतो ताई बटनं उडून माझ्या चहात पडतील. पन ते नंतर. आधी सगळं सांगते.

क्लास मिरजगावला हुता. हायवेला, खाली खताचं दुकान, वर क्लास. दोन खोल्या. पुढची एसीची, ती फी भरनाऱ्यांची. मागची आमची. सरकारची योजना हुती, वस्त्यांवरच्या पोरांना कॉम्प्युटर फुकट. सर आमाला नावानं हाक मारायचेच न्हाई. "स्कीम" म्हनायचे. "ए स्कीम, चपला बाहेर." फीवाल्यांच्या चपला आत.

आमची वस्ती वड्याच्या पल्याड. गाव सांगितलं तर कुनाला काय कळत न्हाई, वस्ती सांगितली की जात कळती. सरांना म्हाईत हुती, तरी पयल्या दिवशी सगळ्यांपुढं वस्ती इचारली.

दसऱ्याच्या आधी सर सोता वस्तीवर आल्ते. फोर व्हीलरमदी. तवा लई गोड बोलले. चोवीस पोरांचे फॉर्म भरून घेतले, आधारची झेरॉक्स, फोटो, सह्या. आन दसरा झाल्यावर टोळीची गाडी आली. चोवीसातली सतरा पोरं आईबापासंगं ऊस तोडायला गेली, श्रीरामपूरकडं. ऱ्हायलो आमी सात. माझी चुलत बहीन सोनाली, माझ्याच वयाची, माझ्याच फॉर्मच्या खाली तिचा फॉर्म. ती पन गेली.

मला आईनं मावशीपाशी ठिवलं. जाताना गाडीत बसायच्या आधी म्हन्ली, "येक मानूस कमी घेऊन चाल्लोय आमी. ध्यानात ठेव. सर्टिफिकीट आलं तर कुठं हापिसात काम बघ. न्हाई आलं तर फुडच्या दसऱ्याला तू बी कोयता."

एवढंच हुतं. सर्टिफिकीट न्हाईतर कोयता. मधलं काय न्हाई.

तर मागच्या खोलीत सात कॉम्प्युटर आन माऊस एकाला पन न्हाई. माऊस कपाटात, कुलपात. "मोडून ठेवाल," म्हनायचे. सर रोज सकाळी यायचे, खिशातनं त्यो एक माऊस काढायचे, पयल्या कॉम्प्युटरला जोडायचे, नोटपॅड उघडून द्यायचे, काढायचे, दुसऱ्याला जोडायचे. सात वेळा. मग परत खिशात. "करा टायपिंग." आन जायचे पुढच्या खोलीत, एसीत, शिकवायला.

आमी दोन तास ए एस डी एफ.

दोन महिने असंच. माझी बोटं पळायला लागली. पन पळून जायचं कुठं? एका पांढऱ्या पानावर. त्याच्या भायेर काय हाय ते दिसायचं, खाली पट्टीवर चित्रं, कोपऱ्यात चित्रं, पन तिथपर्यंत जायला माऊसचा बान लागतो आन बान सरांच्या खिशात.

पुढं टेबलावर तबस्सुम दीदी बसायची. नगरची. ॲडमिशन, हजेरी, पावत्या, सगळं तीच लिवायची. एक दिवस ती मागं आली, रजिस्टर न्यायला. मी लिवलेल्या लांबच्या लांब पानावर एक चूक शोधत हुते, बोट लावून, एकेक वळ. तिनं बघितलं. वाकली, माझ्या खांद्यावरनं हात घातला, कंट्रोल धरला आन एफ दाबलं. एक चौकट आली.

"लिही काय पायजे ते. एंटर मार."

लिवलं. एंटर. चूक निळी होऊन पुढ्यात उभी.

दीदी म्हन्ली, "सगळीकडं असते ही चौकट. फक्त दार वेगळं असतं." आन रजिस्टर घेऊन गेली. एवढंच शिकवलं तिनं मला. बास झालं.

मी त्या दिवशी वस्तीवर चालत गेले का उडत गेले मला आठवत न्हाई.

मग मी दारं शोधायला लागले. दुसऱ्या दिवशी विंडोजचं बटन दाबलं आन सरळ लिवायला लागले, तर काय, जे लिवाल ते उघडतंय. बान नको, चित्रं नको. मी chrome लिवलं, क्रोम आलं. त्यात वरच्या पट्टीत जायला कंट्रोल एल. न्हाईतर आल्ट डी. यूट्यूबला स्लॅश, ती प्रश्नचिन्हाच्या बटनावरची तिरकी रेघ, एकदा दाबली की सरळ शोधायच्या चौकटीत. जीमेलला पन तीच, पन सेटिंगमदी जाऊन आधी चालू करावी लागती, हे लोकांना म्हाईत नसतं आन मग म्हनत्यात चालत न्हाई. आउटलुकला कंट्रोल ई. वॉट्सॲप कॉम्प्युटरवर उघडलं की कंट्रोल आल्ट स्लॅश. एक्सेलला कंट्रोल एफ. फायली बघायच्या तर विंडोज आन ई, आन त्या खिडकीत परत कंट्रोल एफ.

वहीच्या मागच्या पानावर लिवत गेले. पान भरलं. दुसरं भरलं. बाकीच्या सहा जनांना पन सांगितलं, आन सर आले की परत सगळ्यांचं नोटपॅड, सगळे गरीब, ए एस डी एफ.

सरांना काय वाटायचं, माऊस न्हाई म्हंजी ही पोरं बांधलेली. म्हनून त्यांनी काय कुलूपच लावलं नव्हतं आत. कपाटाला कुलूप, फ्रीजला कुलूप, संडासाला पन कुलूप, फीवाल्यांचा वेगळा हुता. कॉम्प्युटरला न्हाई. झेड नावाची एक ड्राइव्ह सगळ्या मशीनला जोडलेली हुती, दीदीचं सगळं काम त्यात. उघडी.

भोगीच्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. मावशीच्या फोनवर, मावशीनं क्लासवर आनून दिला. सोनालीचं बोट गेलं. मोळ्या चढवून झाल्यावर ट्रॉलीचा मागचा लोखंडी फाळका पडला, त्यात सापडलं. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. डॉक्टर म्हन्ला ठेवून उपयोग न्हाई. आई म्हन्ली, "रडत बी न्हाई गं ती. नुसती हाताकडं बघतीय."

मी परत येऊन ए एस डी एफ.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी एक दिवस सर भायेर गेल्ते. मी झेडमदी गेले, कंट्रोल एफ, आन सहज लिवलं, scheme. आमाला म्हनत्यात ना, बघू म्हन्लं आमी कुठं हाय.

एकच फाईल आली. एक्सेलची. उघडली.

चोवीस नावं. पुढं तारखा. प्रत्येक चौकटीत "हजर". पार खालपर्यंत हजर. पार उजवीकडपर्यंत हजर. टोळीवर गेलेली सतराच्या सतरा पोरं हजर. मी कंट्रोल एफ दाबलं आन Sonali लिवलं. एंटर. चौकट उडी मारून तिच्या वळीवर गेली. मी बानाच्या बटनानं एकेक तारीख सरकत गेले. भोगीवर आले.

हजर.

त्याच वळीत, शेवटच्या रकान्यात, भोगीच्याच प्रॅक्टिकलचा शेरा. "माऊस हाताळणी: उत्तम."

मी ते किती वेळा वाचलं काय म्हाईत. मला रडू न्हाई आलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. लई दिवस अंगात काहीतरी नुसतं फिरत हुतं, त्याला आता धार आली. मी फाईल बंद केली. नोटपॅड उघडलं. सर आले. म्हन्ले, "काय गं, स्पीड वाढला का?"

म्हन्लं, "वाढला सर."

आठ दिवसांनी नगरवरनं योजनेच्या मॅडम येनार हुत्या. तपासनी. आठ दिवस मी ती फाईल पोटात घेऊन फिरले. जेवन गोड लागायचं. मावशी म्हन्ली काय गं, कुठं लगीन ठरलं का तुजं?

तपासनीच्या सकाळी मागच्या खोलीत आले तर माऊस. सातच न्हाई, बारा. बारा कॉम्प्युटर, पाच पुढच्या खोलीतनं आनलेले, आन बारा माऊस, नवेकोरे, पोटावरचं स्टिकर पन काढलेलं न्हाई. आन पुढच्या खोलीतली फीवाली पोरं आमच्यात बसवलेली. सर सगळ्यांना नावं वाटत हुते. "तू आज अमुक. तू तमुक. मॅडमनी नाव घेतलं की हात वर."

माझ्या शेजारी ती बसली. पयल्या दिवशी हसलेली. हातावर मेंदी, लग्नाबिग्नाला जाऊन आली असंल. सर तिला म्हन्ले, "आणि तू सोनाली."

ती हळूच मला म्हन्ली, "सोनाली कोन गं?"

मी म्हन्लं, "कळंल."

मॅडम आल्या. चहा झाला. हातात यादी, एकेक नाव घ्यायला लागल्या. हात वर होत गेले. सर मागं उभे, खिशात हात. सोनालीचं नाव आलं. मेंदीचा हात वर गेला.

मी उभी ऱ्हायले.

"मॅडम, ही सोनाली न्हाई. सोनालीला नऊ बोटं हायेत."

त्या पोरीनं हात पटकन खाली घेतला, दुसऱ्या हातात लपवला.

सर हसले. "मॅडम, ही जरा तशीच आहे. यांच्या घरचं वातावरण तुम्हाला माहितीच आहे."

मॅडम मला म्हन्ल्या, "बस खाली. तुला काय येतं ते दाखव आधी. ही मुलगी कोण, कोण नाही, ते मी बघते."

बसले. सर म्हन्ले, "माऊस घे ना. लाजतेस काय?"

मी माऊसची वायर मागनं उपसली. वायरीला धरूनच माऊस बाजूला वढला. आन बोटं ठिवली बटनांवर.

विंडोज ई. झेड. कंट्रोल एफ. scheme. एंटर. फाईल उघडली. कंट्रोल एफ. Sonali. एंटर. चार-पाच सेकंद लागले असतील. सर माझ्यापर्यंत पोचायला सहा पावलं हुती, त्यांची तीन झाली हुती.

"मॅडम, ही भोगी. ह्या दिवशी सोनालीचं बोट ट्रॉलीत तुटलं, श्रीरामपूरकडं. आन हितं ती हजर हाय. आन शेरा वाचा. कुठल्या बोटानं दाबला आसंल तिनं माऊस, ते सरांना इचारा."

मॅडमनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

सर म्हन्ले, "एंट्रीची चूक आहे मॅडम. पुढं मुलगी बसते, ती भरते." काचंपलीकडं तबस्सुम दीदी खाली मान घालून बसली हुती. मी तवर कंट्रोल पी दाबलं हुतं, एंटर मारलं हुतं. मागच्या खोलीत प्रिंटर नव्हता. प्रिंटर हुता दीदीच्या टेबलाशेजारी. मला त्याचा खर्रखर्र आवाज आला. काचंतनं दिसलं, दीदीनं कागद उचलले, बघितलं पन न्हाई, घडी घातली आन डब्याच्या पिशवीत टाकले.

सरांनी भिंतीवरचं मेन बटन बंद केलं. सगळे पडदे काळे.

मॅडम म्हन्ल्या, "मी अहवाल पाठवते." मग वरच्या मजल्यावर सरांच्या घरी जेवायला गेल्या. पुरनपोळी हुती, वास खालपर्यंत येत हुता.

त्या गेल्यावर सर माझ्यापाशी आले. आवाज चढवला न्हाई. "तुझं सर्टिफिकेट विसर. या जिल्ह्यात तुला कोण कॉम्प्युटरला बसवतं तेच बघतो."

मी टेबलावरचा नवा माऊस वायरीला धरून उचलला. दोन बोटांत. ओढनीनं पुसला. वरनं, खालनं, कडंनं. त्यांच्या पुढं धरला.

"घ्या सर. माजा हात लागला न्हाई ह्याला. तुमचा लागला हुता, म्हनून पुसला."

त्यांनी घेतला न्हाई. मी त्यांच्या खिशात टाकला आन भायेरच्या चपला आत आनल्या. खोलीतच घातल्या.

पायऱ्यांवर दीदी मागनं आली. घडी हातात दिली. म्हन्ली, "मी दिलं म्हणू नको. मला नोकरी पायजे." आजपर्यंत मी तिचं नाव कुठं घेतलं न्हाई. हितं लिवलंय ते पन तिचं खरं नाव न्हाई.

तुमाला वाटत आसंल मग सरांवर काहीतरी झालं. काय झालं न्हाई. माझा निकाल "राखीव". बाकी सहा जनांना सर्टिफिकीट मिळालं, तोंड गप ठेवायच्या बोलीवर, आन मी त्यांना काय बोलत न्हाई, त्यांच्या पन घरी कोयता हाय. क्लास चालूच. नवा फ्लेक्स लागला, त्याच्यावर सर हात जोडून. दसरा आला आन मी टोळीच्या गाडीत बसले. आईनं नुसता कोयता दिला. नवी मूठ बसवलेला.

पयल्या आठवड्यात तळहाताची सालं निघाली. बोटं वाकायची न्हाई. रातच्याला न्हाई, दुपारीच, भाकरी खाताना, मी मांडीवर ए एस डी एफ मारायचे, बोटं मरू नयेत म्हनून.

आन एक दिवस पावसानं तोड बंद पडली, सगळे पाचटाच्या झोपडीत, कोपीत बसून. मी त्यो कागद काढला आन मोठ्यानं वाचायला लागले. नाव, तारीख, हजर. नाव, तारीख, हजर. सतरा जन तिथंच बसलेले. आधी कुनाला कळंना. मग एक पोरगा, माझ्याच वस्तीतला, म्हन्ला, "म्हंजी मी हितं उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधत हुतो तवा तिकडं कॉम्प्युटर शिकत हुतो व्हय? मंग मला काय काय येतं गं आता?"

सगळे हसले. लई हसले. हसता हसता गप झाले. कारन सोनाली उठली हुती. तिनं कागद माझ्या हातातनं घेतला. तिला वाचता येतं, सातवीपर्यंत शिकलीय. भोगीची चौकट शोधली, उरलेल्या मधल्या बोटानं. शेरा वाचला.

"उत्तम म्हन्लंय मला," ती म्हन्ली. "शाळंत कुनी कवा म्हन्लं न्हाई."

तिचा बाप म्हन्ला, "हे आसं आपलीच नावं आसतील का आजून कुठं?"

त्यो प्रश्न. तिथनं सगळं सुरू झालं. मला माझा अपमान म्हाईत हुता, पुसलेला माऊस. पन हे तर आमाला नुसतं हाकलत न्हाईत. आमाला भायेर ठेवून आमची नावं आत बसवत्यात. नावाला हात नसतो, ते काय घान करीत न्हाई. नाव त्यांना चालतं.

हंगाम संपल्यावर मी दुसरीकडनं परीक्षा दिली. जिथं दिली तिथं मला कुनी वस्ती इचारली न्हाई, नुसतं टाईप कर म्हन्ले, आन मी टाईप केलं तर परीक्षकानं घड्याळ झटकून बघितलं. आता नगरला एसटी स्टँडजवळ बसते. ऑनलाइन फॉर्मचं दुकान, मालक दुसरा, बटनं माझी.

दुपारी गिऱ्हाईक कमी आसतं. तवा मी माहितीच्या अधिकाराचे अर्ज लिवते. खात्याला इचारते, अमुक योजनेत, अमुक तालुक्यात, कुनाकुनाला शिकवलं त्याची यादी द्या, हजेरीसकट. पयल्यांदा टाळतात. मग देत्यात. आन कशी देत्यात, बघा. फाईल देत न्हाईत. कागद देत्यात. वाकडी झेरॉक्स, काळी, निम्मी नावं कडंला कापलेली. का तर कागदावर कंट्रोल एफ चालत न्हाई. त्यांना आता कळलंय.

चालत न्हाई तर न्हाई. मी टाईप करते. सगळं. एकेक नाव, एकेक तारीख, एकेक हजर. कर्जतची झाली. पाथर्डीची झाली. शेवगावची चाललीय, निम्म्यावर आलीय. आन प्रत्येक यादी पुरी झाली की वस्त्यांवर फोन लावते, त्या तारखेला तुमी कुठं हुता? कुन्या टोळीत, कुन्या मुकादमाकडं? मुकादमाच्या वहीत त्यांची हजेरी खरी आसती, उसाची हजेरी खोटी लावून चालत न्हाई. एका बाजूला मुकादमाची वही, दुसऱ्या बाजूला सरांची यादी. एकच मानूस, एकच दिवस, दोन ठिकानी हजर.

हे दोन्ही कागद जोडून मी तक्रार केली, आन मिरजगावच्या सरांची सुनावनी लागलीय. मला कुनीतरी निरोप दिला, सर म्हनत्यात मिटवून टाकू, तिचं सर्टिफिकेट तयार आहे, घेऊन जा म्हणावं. मी म्हन्लं, ते सर्टिफिकीट फडक्यानं पुसा आन खिशात ठेवा.

सोनाली येनार हाय. मी तिला म्हन्लं काय बोलायचं ते लिवून देते. म्हन्ली, "काय बोलायचंच न्हाई मला. टेबलावर हात ठेवनार. त्यांनी मोजावं."

आन सर, तुमी हे वाचनार मला म्हाईत हाय, कुनीतरी पुढं पाठवनारच. तुमची ह्या वर्षीची नवी यादी पन मी मागवलीय. त्यात पन वड्यापल्याडची नावं आसतील. चोवीस आसू द्या न्हाईतर चोवीसशे. मी एकेकाच्या नावावर कंट्रोल एफ मारनार. जिथं जिथं हजर येईल तिथनं त्या मानसाला उचलून तुमच्या पुढं आनून उभा करनार, सालं निघालेल्या हातांसकट. माफी मागू नका. मागितली तरी घेनार न्हाई.

तुमी नुसतं हजर ऱ्हा. खरंखुरं.